डोळ्याच्या खोबणीतली गाठ : लाज नको, तपासणी हवी

वर्षावासातला रविवार होता. विहारात ग्रंथवाचन संपले आणि नेहमीप्रमाणे आम्ही कोपऱ्यात बीपीचे मशीन घेऊन बसलो. रांगेत शेवटी एक आई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीची डावी पापणी सुजून खाली आली होती. "ताई, रांजणवाडी आहे, पण महिना झाला तरी जात नाही," आई म्हणाली. मेडिकलमधून आणलेले थेंब घालून झाले होते, शेजारणीने सांगितलेला झाडपाला झाला होता, एकाने नजर उतरवायलाही सांगितले होते. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा सूज थोडी उतरली आणि पुन्हा चढली.

आम्ही मुलीला समोर बसवले. डोके न हलवता आमच्या बोटाकडे बघायला सांगितले. बोट डावीकडे, उजवीकडे, वर, खाली नेले. वर बघताना उजवा डोळा गेला, डावा मागे राहिला. "आता बोटे किती दिसतात?" विचारले. मुलगी म्हणाली, "दोन." आमचे बोट एकच होते.

रांजणवाडी पापणीच्या कडेला होते. ती डोळा हलवायला अडथळा करत नाही आणि तिच्यामुळे एकाचे दोन दिसत नाहीत. म्हणून आम्ही चिठ्ठी लिहून तिला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात डोळ्यांच्या ओपीडीत पाठवले. तिथे डोळ्याची सोनोग्राफी झाली. डोळा वर उचलणाऱ्या स्नायूत वाटाण्याएवढी पाण्याची गाठ होती आणि गाठीच्या आत जंताच्या अळीचे डोके पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसत होते.

तपासणारे डॉक्टर शिकाऊ होते. भरलेल्या ओपीडीत त्यांनी मोठ्याने विचारले, "डुकराचं खाता का घरी?" मागच्या बाकावर कोणीतरी हसले. आईने फाईल उचलली आणि लेकीला घेऊन सरळ घरी आली. पुढचे पंधरा दिवस त्या दोघी रुग्णालयाकडे फिरकल्या नाहीत. त्या घरात डुकराचे मांस कधी शिजतच नाही. पण शिजत असते तरी काय बिघडले असते? प्रश्न चार लोकांत, चुकीच्या पद्धतीने आणि अर्धवट माहितीवर विचारला गेला होता. त्यात मुलीच्या उपचाराचे पंधरा दिवस वाया गेले.

हा लेख त्या पंधरा दिवसांसाठी आहे. ही गाठ कशी होते, कशी ओळखतात, कशी बरी होते हे घराघरात माहीत असले, तर कोणाच्या हसण्याने आपल्या लेकराचा उपचार अडणार नाही.

गाठ म्हणजे नेमके काय?

आपला डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. त्या खोबणीत बुबुळाचा गोळा, तो फिरवणारे सहा छोटे स्नायू, मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, रक्तवाहिन्या आणि थोडी चरबी असते. जागा फार अपुरी. तिथे वाटाण्याएवढी वस्तू आली तरी डोळा पुढे ढकलला जातो किंवा वाकडा होतो.

या खोबणीत जंतामुळे होणाऱ्या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या. आपल्या देशात जास्त आढळते ती डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची गाठ. डॉक्टर तिला 'सिस्टिसर्कोसिस' म्हणतात. दुसरी, बरीच दुर्मीळ, कुत्र्याच्या पट्टकृमीची. तिला 'हायडॅटिड' म्हणतात. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, लांब जंत. मोठा झालेला जंत माणसाच्या आतड्यात राहतो आणि काही मीटर लांब वाढतो. त्याचे शरीर तुकड्यातुकड्यांचे असते. शेवटचे पिकलेले तुकडे सुटून शौचावाटे बाहेर पडतात. एकेका तुकड्यात हजारोंच्या संख्येने अंडी असतात. ही अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ओल्या मातीत ती बराच काळ टिकतात.

ही अंडी जेव्हा माणसाच्या तोंडातून पोटात जातात, तेव्हा आतड्यात त्यांतून बारीक गर्भ बाहेर पडतो. तो आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि रक्त नेईल तिथे जाऊन बसतो. कधी दंडाच्या मांसात, कधी कातडीखाली, कधी मेंदूत, कधी डोळ्यात. तिथे दोन-एक महिन्यांत त्याची पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. आत अळी, भोवती पाणी. हीच ती गाठ.

अळी जिवंत असते तोवर ती शरीराला फारशी जाणवू देत नाही. ती मरायला लागली किंवा पिशवीतले पाणी झिरपले, की शरीर तिच्यावर तुटून पडते. तेव्हा सूज, लाली आणि दुखणे सुरू होते. म्हणून पुष्कळ घरी सांगतात, "कालपरवापर्यंत काही नव्हते, अचानक डोळा सुजला." गाठ मात्र महिनोन् महिने आधीची असते.

मांसाने की मैल्याने?

इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

या जंताचे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या.

पहिली वाट : ज्या डुकराच्या मांसात अळीच्या गाठी आहेत ते मांस कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. हा पोटातला जंत. याने डोळ्यात गाठ होत नाही.

दुसरी वाट : ज्याच्या पोटात असा जंत आहे त्याच्या मैल्यातली अंडी पाणी, भाजी, माती, माशा किंवा न धुतलेले हात यांच्यामार्फत तोंडात गेली, तर डोळ्यात, मेंदूत, मांसात गाठी होतात. या वाटेत मांस कुठेच येत नाही. ज्याने आयुष्यात मांसाला हात लावला नाही त्यालाही ही गाठ होते. आम्ही वॉर्डात असताना एका माळकरी आजोबांना फिटचे झटके येत म्हणून भरती केले होते. स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत याच अळीच्या गाठी निघाल्या. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघून डॉक्टरांनी 'डुकराचं खाता का' असे विचारले नव्हते. वस्तीतल्या बाईला मात्र पहिला प्रश्न तोच.

या दोन वाटा माणसाला कळायला वेळ लागला. १८५५ साली जर्मनीत फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टरने फाशीच्या कैद्याला, त्याला न सांगता, डुकराच्या अळ्या मिसळलेले अन्न खाऊ घातले आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडल्याचे दाखवले. ज्ञान मिळाले, पण ज्याच्या शरीरावर प्रयोग झाला त्याला कोणी विचारले नाही. पुढे इंग्रजांच्या काळात भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या सैनिकांना फिट येऊ लागल्या. काहींना परतल्यावर कित्येक वर्षांनी. ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा याच अळीच्या गाठी निघाल्या. म्हणजे हा आजार ना जातीचा, ना धर्माचा, ना एका वस्तीचा. जिथे माणसाचा मैला अन्नपाण्यापर्यंत पोचतो, तिथला तो आजार आहे.

मग आपल्या वस्त्यांत धोका जास्त का? कारण संडास कमी, आहेत त्यांना पाणी नाही, गटार उघडे, नळाची लाईन गटारातून गेलेली, आणि स्वस्त पालेभाजी पुष्कळदा नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली. डुकरे बिचारी मैला खातात कारण मैला उघड्यावर पडलेला असतो. दोष डुकराचा नाही. डुकरे पाळून पोट भरणाऱ्या कुटुंबाचाही नाही.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

ही गाठ मुलांत आणि तरुणांत जास्त आढळते. बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होते. खालीलपैकी काही दिसले तर थांबू नका :

- एकाच डोळ्याची पापणी सुजणे किंवा खाली येणे, औषधाने उतरून पुन्हा सुजणे
- एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसणे (मुलाच्या मागे उभे राहून वरून खाली बघितले की चटकन कळते)
- एखाद्या दिशेला डोळा नीट न वळणे, नवीन तिरळेपणा
- एकाचे दोन दिसणे
- डोळा फिरवताना दुखणे, बुबुळाच्या बाजूला लाल गाठ दिसणे
- नजर कमी होणे, डोळ्यापुढे काहीतरी तरंगताना दिसणे

लहान मूल 'दोन दिसते' असे सांगत नाही. ते मान वाकडी करून बघते, एक डोळा मिटून वाचते, जिना उतरताना चाचपडते. अशा मुलाला 'नखरे करतो' म्हणून ओरडू नका.

मात्र प्रत्येक सूज जंताची नसते. सुजलेल्या डोळ्याबरोबर ताप असेल, डोळा उघडतच नसेल, तर तो खोबणीतला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा काही दिवसांत भराभर पुढे आला, तर कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. मोठ्यांत थायरॉईडमुळेही डोळे पुढे येतात. म्हणूनच घरी बसून अंदाज बांधू नये. तपासणीनेच कळते.

तपासण्या : काय, कशासाठी

रुग्णालयात गेल्यावर एकामागून एक कागद हातात पडतात. कोणती तपासणी कशासाठी हे माहीत असले की कंटाळून अर्ध्यावर परत यावेसे वाटत नाही.

पहिली, साधी डोळ्याची तपासणी. नजर किती, डोळे कुठे वळतात, डोळा किती पुढे आला आहे. मग थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा तपासतात. हे फार महत्त्वाचे. गाठ खोबणीत आहे की खुद्द डोळ्याच्या आत, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते. घाबरू नका, मात्र सोबत माणूस न्या.

दुसरी, डोळ्याची सोनोग्राफी. हिला 'बी-स्कॅन' म्हणतात. मिटलेल्या पापणीवर जेल लावून यंत्र टेकवतात. दुखत नाही, सुई नाही, किरणांचा त्रास नाही, काही मिनिटांत होते. गाठीची गोल कड आणि आतला चमकणारा ठिपका, म्हणजे अळीचे डोके, दिसले की निदान जवळजवळ पक्के.

तिसरी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय. डोळ्याच्या खोबणीचा तर करतातच, पण मेंदूचाही करायला सांगतात. "दुखते डोळ्याला आणि फोटो डोक्याचा कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. कारण तीच अंडी रक्तावाटे मेंदूतही गेलेली असू शकतात. मेंदूत गाठी आहेत हे न बघता औषध सुरू केले, तर त्या गाठींभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. हा फोटो टाळू नका. रुग्णाला पूर्वी कधी आकडी आली असेल, वारंवार डोके दुखत असेल, तर विचारण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आकडीची गोष्ट लग्नाच्या भीतीने लपवू नका.

याशिवाय रक्ताची तपासणी आणि शौचाची तपासणी करतात. रक्तातली जंताची विशेष तपासणी 'निगेटिव्ह' आली तरी गाठ नाही असे ठरत नाही. एकच गाठ असेल तर ती बरेचदा निगेटिव्ह येते. शौचाचा नमुना एकापेक्षा जास्त दिवस द्यावा लागतो. तो घरातल्या सगळ्यांचा तपासावा, कारण अंडी पसरवणारा जंत घरातल्याच कोणाच्या पोटात असू शकतो. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले असतील तर लाज न बाळगता सांगा. त्या पोटातल्या जंतावरचे औषध सोपे आहे आणि ते दिले की पुढची साखळी तुटते.

उपचार : ऑपरेशन नव्हे, बहुधा गोळ्या

'डोळ्यात गाठ' म्हटले की घरात रडारड सुरू होते. म्हणून आधी चांगली बातमी. स्नायूत किंवा खोबणीत बसलेली ही गाठ बहुतेक वेळा गोळ्यांनी विरघळते. कापावे लागत नाही.

जंताचे औषध अल्बेंडाझोल. ते वजनावर ठरते. साधारण वजनाच्या किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, बहुधा चार आठवडे. औषधाने अळी मरते आणि मरताना सूज वाढते. ती आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सोबत देतात आणि ते हळूहळू कमी करत बंद करतात.

हे आकडे तुम्हाला चिठ्ठी समजावी म्हणून दिले, मेडिकलमधून आपल्या मनाने औषध आणावे म्हणून नव्हे. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मिळते. ती पोटातल्या जंतांसाठी असते आणि ती मुलांना जरूर घेऊ द्या. पण ३० किलोच्या मुलीला डोळ्याच्या गाठीसाठी रोज ४५० मिलिग्रॅम, तेही महिनाभर लागते. एका गोळीने गाठ जात नाही आणि तपासणीशिवाय महिनाभर गोळ्या घेणे धोक्याचे.

धोका कशाचा? गाठ खुद्द डोळ्याच्या आत, पडद्याजवळ असेल आणि औषधाने अळी तिथेच मेली, तर आत इतकी सूज येते की डोळा कायमचा जाऊ शकतो. अशी गाठ शस्त्रक्रियेनेच काढतात. बुबुळाच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखालची गाठही छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. मेंदूत पुष्कळ गाठी असतील तर रुग्णाला भरती करून, मेंदूच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार होतो. म्हणून आधी फोटो, मग गोळी. हा क्रम उलटा करू नका.

औषध चालू असताना :

- अल्बेंडाझोल जेवणाबरोबर घ्यावे. जेवणात थोडे तेल-तूप असले तर ते अंगात जास्त शोषले जाते.
- स्टेरॉईड उपाशीपोटी घेऊ नये आणि बरे वाटले म्हणून मध्येच एकदम बंद करू नये.
- मधुमेह, टीबी, काविळीचा इतिहास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर सुरुवातीलाच सांगावे.
- डोके जोरात दुखले, उलट्या झाल्या, आकडी आली किंवा नजर कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जावे.
- गोळ्या संपल्यावर पुन्हा बी-स्कॅन होतो. आतला ठिपका गेला, गाठ आकसली, म्हणजे औषध लागू पडले.

उशीर झाला तर गाठ जाते, पण स्नायूत वण राहतो. मग तिरळेपणा किंवा उतरलेली पापणी तशीच राहू शकते आणि त्यासाठी वेगळे ऑपरेशन लागू शकते. गाठ दृष्टीच्या नसेवर दाबत असेल तर गेलेली नजर परत येईलच असे नाही. लवकर जाणे म्हणजे काय, ते इथे कळते.

कुत्र्याकडून येणारी गाठ

दुसरी गाठ हायडॅटिडची. हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि अवघा काही मिलिमीटर लांब असतो. बकऱ्या-मेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात त्याच्या गाठी असतात. मटणाच्या दुकानामागे असले अवयव कुत्र्यांपुढे टाकले, की कुत्र्याला जंत होतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी त्याच्या केसांना, मातीला, भाजीला लागतात आणि हातांवरून तोंडात जातात.

माणसात ही गाठ बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होते. डोळ्याच्या खोबणीत होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. पण झाली तर ती सावकाश, न दुखता वाढत राहते आणि डोळा पुढे ढकलते. हिचा उपचार उलटा आहे. ही शस्त्रक्रियेने, शक्यतो न फुटता, काढावी लागते आणि आगेमागे अल्बेंडाझोल देतात. गाठ फुटली तर आतल्या पाण्याने अंगावर जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते आणि गाठीचे बी आजूबाजूला पसरते. म्हणून डोळ्याजवळच्या कुठल्याही गाठीत कोणालाही सुई घालू देऊ नका, दाबून फोडू देऊ नका. अशा रुग्णाची पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रेही करतात.

घरात आणि वस्तीत

घरात करायच्या गोष्टी महागड्या नाहीत. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायचे. मुलांची नखे कापायची. कोथिंबीर, मेथी, मुळा, कांदापात वाहत्या पाण्यात, पाने सुटी करून, दोन-तीनदा धुवायची. नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरतात याची खात्री नाही. ती धुऊन जातात आणि शिजवल्यावर मरतात. शंका असलेले पाणी उकळून प्यावे.

डुकराचे मांस खाणाऱ्यांनी खावे. खाणे लाजेचे नाही. फक्त ते आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवावे. आपल्याकडे रश्शात उकळून शिजवतात ते योग्यच आहे. धोका असतो तो अर्धवट भाजलेल्या तुकड्यांत. मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फोड दिसले तर ते घेऊ नये.

पण घर कितीही स्वच्छ ठेवले तरी गटार दारातून वाहत असेल, तर आपण एकटे काय करणार? म्हणून यातले अर्धे काम घराबाहेरचे आहे. संडासांना पाणी आणि दिवा, फुटलेल्या पाइपची दुरुस्ती, मैल्याची विल्हेवाट, मटणाच्या दुकानातल्या टाकाऊ अवयवांची विल्हेवाट, ही महानगरपालिकेची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. महिला मंडळाने लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी. डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांना हाकलून हा प्रश्न सुटत नाही. त्यांना बंदिस्त जागा मिळाली, डुकरे मैल्यापासून दूर राहिली, तर साखळी तुटते. डुकरांसाठी या जंताविरुद्धची लसही निघाली आहे. तिची मागणी पशुसंवर्धन खात्याकडे करता येते.

रुग्णालयात पैशांची अडचण आली तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत ठेवा. आणि कोणी चार लोकांत 'काय खाता' म्हणून विचारले, तर शांतपणे सांगा, "आम्ही काय खातो ते सांगतो, पण ही गाठ मांसाने होत नाही. आमच्या पाण्याचे आणि संडासाचेही विचारा."

त्या मुलीच्या आईनेही हेच केले. आम्ही त्यांच्या घरी गेलो, चुलीजवळ बसलो, जमिनीवर खडूने दोन वाटा काढून दाखवल्या. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे चूक माझ्या हातची नाही ना?" आम्ही म्हटले, "नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही सोबत गेलो. मेंदूचा फोटो झाला, तो साफ निघाला. पडदाही ठीक होता. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात सूज थोडी वाढली तेव्हा आईचा जीव पुन्हा खाली-वर झाला, पण तिने औषध बंद केले नाही. घरातल्या सगळ्यांचा शौचाचा नमुना तपासला. कोणाकडेही जंत निघाला नाही. अंडी बाहेरून, पाण्यातून किंवा भाजीतून आली होती.

चार महिन्यांनी बी-स्कॅनमध्ये गाठ उरली नव्हती. पापणी पूर्ण उघडते. अगदी वर बघितले तर मुलीला अजून थोडे दुहेरी दिसते. डॉक्टर म्हणतात, वाया गेलेले दिवस मिळाले असते तर कदाचित तेही राहिले नसते.

आता आमच्या रविवारच्या कोपऱ्यात ती मुलगीच लहान मुलांसमोर बोट फिरवते आणि विचारते, "किती दिसतात?"

लक्षात ठेवा

- एका डोळ्याची सूज दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा दोन-दोन दिसू लागले, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा. ताप असेल किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी.
- बी-स्कॅन, पडद्याची तपासणी आणि मेंदूचा फोटो झाल्याशिवाय अल्बेंडाझोलचा कोर्स सुरू करू नका.
- गाठीत सुई नको, दाबणे नको, झाडपाला नको.
- ही गाठ मैल्यातल्या अंड्यांनी होते, ताटातल्या मांसाने नव्हे.